वर्षाची बेगमी आणि ऋतूची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला 'ऋतुमान आणि आपला आहार' या विषयावर तुम्ही बोला. तुमच्याकडे अजून सगळे घरचेच असते." मी हो म्हटले. त्या फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्यांचे दुसरे वाक्य आता खरे राहिलेले नाही. माझ्याकडे सगळे घरचे नसते; २०२३ पासून नसते. तेव्हा ते का नसते, आणि नसल्यावर मला काय उमगले, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येईल असे ठरवून उभी राहिले आहे. पाककृती उतरवून घ्यायला वही आणलेल्या भगिनींची थोडी निराशा होईल. त्यांनी क्षमा करावी.

मी १९७१ साली लग्न होऊन रामदासपेठेत आले. तेव्हा आपल्याकडे बैठी घरे अधिक. प्रत्येक घराला अंगण, अंगणात एखादा कडुनिंब, सीताफळाचे झाड, आणि वर मोकळी गच्ची. होळी झाली की सासूबाई गच्ची झाडून घेत. तिथून नवतपा संपेपर्यंत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत, घरातल्या बायकांना दुसरा धंदा नसे. नागपूरच्या उन्हाला सगळे नावे ठेवतात, आणि ठेवावीच; २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता तो दिवस आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. पण वाळवणाला असे ऊन नाही. हवेत ओलावा नसल्याने कोकणातल्या बाईला दोन-तीन दिवस जपावे लागतील असे पापड आपल्याकडे एका दुपारात कडकडीत होतात.

आणि काय काय होई! उडदाचे पापड, मुगवड्या, कोहळ्याचे सांडगे, शेवया, बारीक काडीवर गुंडाळून वाळवलेले सरगुंडे, जे उकडून आमरसाबरोबर खायचे. कैरीचे लोणचे, तक्कू, मेथांबा, गुळांबा. भिवापुरी मिरच्या आणून, देठ खुडून, वाळवून त्यांचे तिखट, हळद, धने, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा पाला. एकट्या कुरडईचे सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा. पहाटे चारला उठून वरचे पाणी निथळायचे, चीक शिजवायचा, आणि ऊन वर यायच्या आत तो गरम गरम सोऱ्यातून गच्चीवर पाडायचा. थंड झाला की सोऱ्या फिरत नाही, म्हणून हात भाजले तरी थांबायचे नाही. मग दिवसभर कावळे आणि माकडे राखायची. एवढे करून ती कुरडई तळली की चार चाव्यांत संपते.

मला या कामाचा अभिमान होता. सासूबाई गेल्यावर मी ते तसेच चालवले, आणि चालवले हे चार जणींना कळेल अशा बेताने चालवले. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या जुन्या रोजनिशीत २०२३ च्या उन्हाळ्याचा हिशेब आहे. मार्च ते मे मिळून ३१ दिवस मी या कामाला लावले होते. त्यातल्या बहुतेक दिवशी माझ्यासोबत कामाला येणाऱ्या बाई होत्या. सुनेने एक रविवार दिला आणि दुपारी डोके धरून बसली; त्यावर मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखे नाही.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. रात्री अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी रस्त्यावर आली. पंचशील चौकाचा परिसर पाण्याखाली गेला. आमचे घर तळमजल्यावरचे. जाग आली तेव्हा पाणी पलंगाच्या पायांशी होते. माणसे सगळी वरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप गेली, हे देवाचे देणे. पण कोठीची खोली मागच्या बाजूला, दोन पायऱ्या खाली. उजेडी पाणी ओसरल्यावर दार उघडले, तर डबे तरंगून आडवे झालेले, डाळीत चिखल, गव्हाला वास, लोणच्याच्या बरण्यांत नदीचे पाणी, आणि पापडांचा एकच काळा गोळा. ३१ दिवस आणि वर्षाचे धान्य, असे सगळे मिळून आम्ही फावड्याने उचलून बाहेर टाकले.

मी त्या दिवशी रडले. अनेकींची त्याहून कितीतरी मोठी हानी झाली होती, माणसे दगावली होती, हे कळत असूनही रडले. सुनेने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, हे सगळं बाजारात मिळतं हो." तिने समजूत घालायला म्हटले होते. मला ते फार लागले. जे बाजारात मिळते तेच मी इतकी वर्षे हात भाजून करीत होते की काय?

दुसरे वाक्य त्याहून जिव्हारी लागले. कोठी धुवायला कामाच्या बाई आल्या होत्या. वीस वर्षे त्यांनी माझ्या गच्चीवर कुरडया घातल्या. खराट्याने चिखल लोटता लोटता त्या सहज म्हणाल्या, "बाई, एक इचारू? उनायात तुमी आमाले वाळवनाले बोलावता. मंग आमचं वाळवन आमी कवा करावं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरीच विचारीत होत्या. मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण वीस वर्षांत तो प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

हल्ली वर्तमानपत्रांतून, भाषणांतून ऐकू येते, की पूर्वीचे जीवन कसे निवांत होते, निसर्गाच्या चालीने चालणारे होते. आपण धावपळीत ते गमावले. परदेशातही या विचाराची मोठी चळवळ आहे. इटलीत १९८६ साली रोम शहरात झटपट खाण्याचे एक अमेरिकी दुकान उघडले. त्याला विरोध म्हणून कार्लो पेत्रिनी या गृहस्थांनी सावकाश, स्थानिक आणि ऋतूप्रमाणे खाण्याचा पुरस्कार सुरू केला, आणि १९८९ मध्ये पॅरिसला त्याचा जाहीरनामा निघाला. त्यांचे म्हणणे चांगलेच आहे. पण निवांतपणा म्हटला, की माझ्या डोळ्यांसमोर पहाटे चारला सोऱ्या फिरवणाऱ्या सासूबाई येतात, ज्या दुपारी अडीचला, सगळ्यांची पाने झाल्यावर, उरले असेल ते खाऊन पुन्हा गच्चीवर जात. ते जीवन निवांत होते खरे, पण ज्यांची पाने वाढली जात त्यांच्यासाठी.

तो हिवाळा आम्ही बाजारातून आणून काढला. आणि रिकाम्या कोठीत बसून मला पहिल्यांदा विचार करायला सवड मिळाली, की आपण ज्याला ऋतूप्रमाणे खाणे म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक बेगमी, आणि दुसरी वाट पाहणे.

बेगमी म्हणजे काय, याचा शांतपणे विचार करा. कैरी वैशाखातली, ती पौषात खाता यावी म्हणून लोणचे. कोहळे आज आहे, आषाढात रस्ते चिखलाने बंद होतील, नद्यांना पूर येतील, बाजारात भाजी येणार नाही, म्हणून सांडगे. म्हणजे बेगमी ही ऋतू पाळण्यासाठी नव्हतीच. ऋतूच्या तावडीतून सुटण्यासाठी होती. ज्या ऋतूत जे मिळत नाही ते त्या ऋतूत खाण्याचा तो जुना उपाय. शीतकपाट हा त्याच उपायाचा नातू आहे. माझी सून हिवाळ्यात मटार सोलून, पिशव्यांत भरून गोठवते, तेव्हा ती माझ्या सासूबाईंचेच काम करते. फक्त तिचे हात भाजत नाहीत. आणि मी तिला त्याच कामावरून बोलत आले होते! ज्या घरात अन्न कमी पडे त्या घराला बेगमीची किंमत किती होती हे मी नाकारीत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात शिधावाटपाच्या दुकानातली परदेशी लाल मिलो खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना भरल्या कोठीचे महत्त्व मी काय सांगावे? पण ती गरज होती. गरज संपल्यावर तिचे व्रत करून ते दुसरीच्या गळ्यात बांधायचे, हे काही बरे नव्हे.

दुसरी गोष्ट, वाट पाहणे, हिला मात्र गच्ची लागत नाही, मोलकरीण लागत नाही, एकतीस दिवस लागत नाहीत. आणि तीच आपण आधी सोडली.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरून, आमरसाचे पान वाढल्याशिवाय घरात आंबा खात नसत. आम्ही मुले चैत्रापासून दिवस मोजत असू. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी असे यथेच्छ खाऊन मग चार महिने कांदा बंद. चातुर्मास संपून वांग्याचे पहिले भरीत झाले की घरभर उत्सव. ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतले, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. परसात आपोआप आले ते खायचे. महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या. भोगीला ओला हरभरा, वाल, गाजर, बोरे यांची एकत्र भाजी. महाशिवरात्रीला कवठ. यात पचनाचे मोठे शास्त्र आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. असेलही; मला त्यातले कळत नाही, आणि प्रत्येक रूढीत विज्ञान शोधून काढण्याची हल्लीची हौस मला फारशी रुचत नाही. मला एवढेच दिसते, की पंचांगाने प्रत्येक जिनसाला एक दार लावले होते. ते दार उघडायच्या दिवसाआधी तो जिन्नस मिळाला तरी खायचा नाही, आणि म्हणून त्या दिवशी तो खाताना ध्यान त्याच्यावर असे.

वाट पाहण्याचा मोठा धडा मला लहानपणीच मिळाला होता, पण त्याचा अर्थ लागायला पन्नास वर्षे गेली. माझे माहेर काटोलचे. वडिलांची संत्र्याची बाग होती. नागपूरकडे हे झाड रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणले असे सांगतात. आता तर २०१४ पासून नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. शहरातल्या भगिनींना वाटते, संत्रे हिवाळ्यात येते, एवढेच. पण आपल्या संत्र्याला मुख्य बहार दोन. थंडी सरता सरता, जानेवारी-फेब्रुवारीत, झाड फुलते तो आंबिया बहार. त्याचे फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघते. मृगाच्या पावसाबरोबर फुलतो तो मृग बहार. त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चला, होळीच्या सुमारास. आंबियाचे फळ थोडे आंबट, मृगाचे गोड. दोन्ही बहार एकाच झाडावर शेतकरी सहसा घेत नाही, झाड थकते. कोणता घ्यायचा ते ठरवावे लागते, आणि ठरवायची रीत म्हणजे ताण.

ताण म्हणजे झाडाचे पाणी तोडणे. मृग बहार हवा असेल तर मे महिन्यात, ऐन आगीत, झाडाला पाणी द्यायचे नाही. महिना-दीड महिना, जमीन हलकी की भारी ते पाहून. पाने मलूल होतात, थोडी पिवळी पडतात, गळतातही. झाडाची वाढ थांबते, आणि त्या थांबण्यातच पुढच्या फुलांची तयारी होते. मग मृगाचा पाऊस पडला, की सगळी बाग एकदम पांढरी होते आणि वास घरापर्यंत येतो.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्यात बागेत गेले तर झाडे माना टाकून उभी. विहिरीला पाणी होते, तरी वडील देत नव्हते. मला त्यांचा भयंकर राग आला. धुऱ्याजवळ एक झाड मी माझे मानले होते. रोज संध्याकाळी सगळ्यांची नजर चुकवून, दोन-दोन कळशा करीत, मी त्याला पाणी घालू लागले. आठ-दहा दिवसांत ते तरारले, नवी कोवळी पालवी फुटली. माझा आनंद विचारू नका. वडिलांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या लक्षात आले नाही असे मला वाटले. मृग बरसला, सगळी बाग फुलली, माझ्या झाडावर मात्र पानेच पाने. तेव्हा वडील मला त्या झाडाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "याला वाटलं, पाणी आहे, फुलायची काही घाई नाही." एवढेच बोलून ते पुढे गेले. त्या वर्षी होळीला बागेतले प्रत्येक झाड लगडले होते, आणि माझ्या हिरव्यागार झाडावर चार-सहा फळे.

आता तर ताण देणेही शेतकऱ्याच्या हाती राहिलेले नाही. मेमध्येच अवकाळी पाऊस येऊन ताण मोडतो. कधी मृग कोरडा जातो. फेब्रुवारीत गारपीट होऊन आंबियाची फुले आणि मृगाची फळे एकाच दुपारी मातीत जातात. भाऊ फोनवर सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजावरूनच कळते कोणता प्रकार झाला ते. आपण शहरात म्हणतो, यंदा संत्री महाग आहेत किंवा यंदा गोडी नाही; त्यामागे हे असते.

आता थोडे माझ्या फजितीचे. परवाच्या श्रावणात सुनेने बाजारातून संत्र्यासारखी फळे आणली. घट्ट सालीची, चकचकीत, प्रत्येकावर चिकटपट्टी. मी म्हटले, "श्रावणात संत्री? नागपुरात राहून?" आणि पुढे ऋतुमानावर एक लहानसे व्याख्यान दिले, आजच्यापेक्षा बरेच जोरकस. कॉलेजात जाणारी नात तिथेच होती. तिने चिकटपट्टी वाचली आणि म्हणाली, "आजी, हा माल्टा दक्षिण आफ्रिकेचा आहे. तिकडे आत्ता हिवाळा असतो. म्हणजे हे तिथल्या ऋतूचंच फळ आहे. ते त्यांच्या हंगामात पिकलं, आपण फक्त उसना घेतला." मी गप्प. पोरीचे म्हणणे खोडून काढता येईना. शेवटी म्हटले, "उसना घेतला खरा, पण फेडायचा कोणी?" ती हसली आणि एक फाक माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. आंबटगोड होती, वाईट नव्हती. पण वाट पाहिलेली नव्हती, त्यामुळे दुसरी मागावीशी वाटली नाही. मग मीच तिला सांगितले, कार्तिकात आंबियाचे संत्रे येईल तेव्हा दोन्हींची तुलना करू. गेल्या महिन्यात ते आले. तिने सोलले, सैल साल एका झटक्यात निघाली, आणि वास खोलीभर. "हं," एवढेच म्हणाली. या वयाच्या मुलींकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले, ती सांगते.

आपल्या कोपऱ्यावर शनिवारी सकाळी उमरेडकडची एक बाई टोपली घेऊन बसते. पुष्कळजणींना ती ठाऊक असेल. आपल्या पेठेला लागूनच काछीपुरा आहे. काछी म्हणजे भाजीपाला पिकवणारे लोक. वस्तीचे नावच सांगते, की एके काळी भाजी किती जवळून येत असेल. पलीकडे १९०६ साली सुरू झालेले कृषी महाविद्यालय आणि त्याची शेते. तरी रानची भाजी आणायची ती या बाईनेच. पूर्वी ती इतवारीपर्यंत नागभीडच्या छोट्या गाडीने येई. २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करायला ती गाडी बंद झाली, तेव्हापासून बसने येते. कोठी वाहून गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मला वाळवण नव्हते, म्हणून वेळ होता, म्हणून मी तिच्याजवळ बसू लागले. आधी वीस वर्षे मी तिच्याकडून सांबार आणि मिरच्या घेऊन, दोन रुपये कमी कर म्हणून, निघून येत असे.

मेच्या अखेरीस मी तिला विचारले, "कुड्याची फुलं नाही आणलीस?" सासूबाई ती फुले उकडून, पिळून, कांद्यावर परतून भाजी करीत, थोडी कडसर, पण तोंडाला चव आणणारी. ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "कोनी इचारतच नाही जी बाई. दोन साल आनली, तशीच वापस नेली. मंग कायले आनू?"

मी तिला पुढे विचारीत गेले. तरोटा? पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडेच कोवळा असतो; आणते, पण वाटा उरतो. सात्या? त्या ढगांच्या गडगडाटानंतर वारुळाजवळ उगवतात, सकाळी सापडल्या तर दुपारपर्यंत विकायला हव्या. शहरात लोक भितात, नव्या बायकांना ठाऊकच नाहीत. आणि भ्यावेच, कारण कोणती छत्री खायची हे ओळखणारा हात लागतो. तो तिच्या सासूचा होता, तिला आला, पण तिच्या सुनेला शिकावेसे वाटत नाही. वास्ते? ते चंद्रपूर-गडचिरोलीकडचे, तिच्याकडे कमी. काटवल? काटवल लोक घेतात. त्याला भाव आहे. काटवलाच्या वेलाचे तिने मला सांगितले, ते मला या वयात नवीन होते. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, फळ मादीलाच. उन्हाळ्यात वेल मरून जातो, जमिनीत कंद तेवढा राहतो, आणि पहिल्या पावसात त्यातून पुन्हा फुटतो. कंद कुठे कुठे आहेत ते तिला पाठ. "माह्या सासूनं दाखवले होते," म्हणाली. "खनले त संपलं. तोडा, पन खनू नका."

भगिनींनो, मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. माझी कोठी बुडाली ती पुराने. ती पुन्हा भरता येईल. पण या बाईच्या टोपलीतून एकेक जिन्नस कमी होत गेला तो कशाने? आपण विचारले नाही म्हणून. कुड्याचे झाड अजून उभे आहे, ते वैशाखात पांढरे होतेच. फुले तोडणारी आहे. भाजी करता येणारीही, माझ्यासारख्या, शहरात थोड्या आहेत. मध्ये एक विचारणारी बाई नाही, एवढ्याने तो पदार्थ संपतो. आणि आपण मात्र वाळवण सुटले म्हणून परंपरा बुडाली असा शोक करीत बसतो.

म्हणून गेल्या दोन वर्षांत मी जे केले ते सांगते. वाळवण जवळजवळ सोडले. पापड, शेवया मी महिलांच्या बचतगटाकडून विकत घेते. त्यांचे हात भाजतातच, पण त्याचे पैसे तरी त्यांना मिळतात. मागच्या एप्रिलमध्ये आपण सहाजणींनी मिळून एका गच्चीवर दोन सकाळी कुरडया घातल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. हौस म्हणून घातल्या, सहा घरांत वाटून घेतल्या, आणि नाश्ता पुरुषमंडळींनी केला. पोहे अंमळ कच्चे होते, पण कोणी बोलले नाही. कामाच्या बाईंना मी एप्रिलचा एक आठवडा पगारी सुट्टी देते, त्यांच्या वाळवणासाठी. पहिल्या वर्षी त्यांना ते खरेच वाटेना. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला त्यांच्या घरच्या मुगवड्या आणून दिल्या. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. आले अधिक होते.

आणि सुनेशी मी एक करार केला आहे. ती काय गोठवते, काय विकत आणते, यात मी बोलायचे नाही. तिने एवढेच करायचे, की आंबा अक्षय्य तृतीयेच्या आधी घरात आणायचा नाही आणि संत्रे बहाराचे खायचे. तिने विचारले, "आणि माल्टा?" मी म्हटले, आजारी माणसाला न्यायला चालेल. आपल्या पेठेत आता घरांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या अधिक, तेव्हा ही सवलत ठेवावीच लागते.

त्या उमरेडच्या बाईला मी सांगून ठेवले होते, की कुड्याची फुले आण, उरली तर सगळी मी घेईन. पुढच्या वर्षी तिने एक दुरडी आणली. मी चार वाटे घेतले, तीन शेजारी दिले, सोबत भाजी कशी करायची ते कागदावर लिहून दिले. एकीने फोन करून सांगितले, कडू झाली, टाकून दिली. दोघींनी पुन्हा मागितली. गेल्या जेठात तिने दोन दुरड्या आणल्या, आणि सकाळी दहापर्यंत त्यातली एक संपली. दुसरीतली अर्धी परत गेली, हेही सांगितले पाहिजे.

येत्या उन्हाळ्याच्या अखेरीस ती पुन्हा येईल. शनिवारी सकाळी आठच्या सुमारास, औषधाच्या दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली बसते. कुड्याची फुले वैशाख-ज्येष्ठात, तरोटा पहिल्या पावसानंतर, काटवल आषाढापासून. टोपलीत काय आहे ते ओळखू आले नाही तर तिलाच विचारा. ती सगळे सांगते. जरा बोलकी आहे, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून जा, आणि सुटे पैसे न्या.